पटरच्या तोंडाला कुंकू

आमच्या कसबा बावड्यात बरीच वर्षं अशी बातमी होती की चौगुल्यांची सुमन गल्फला नोकरीला आहे. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, "येताना खजूर आणती का गं?" एकीनं तर अत्तराची बाटली सांगून ठेवली होती. आई समजावून दमायची. "अगं गल्फ न्हवं, गोल्फ. हितंच हाय, गावाच्या पल्याड. रोज बसनं जाती-येती." त्यावर समोरची डोळे मोठे करून म्हणायची, "बसनं? गल्फला?"

तर मी गल्फला नव्हते. कोल्हापुरातल्या एका गोल्फ क्लबच्या दुकानात होते आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला, म्हणजे उसाच्या मोळ्या जिथून आत ओढल्या जातात तिथं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी जरा मोठ्यानंच सांगते, आणि का सांगू नये? दुकानातल्या टेबलावर मी स्वतःच्या हातानं पुठ्ठ्याची पाटी करून ठेवली होती: सुमन चौगुले, बी.एस्सी. ती बघून लोक हसायचे. हसू देत. पाटी मी हलवली नाही.

लागले होते मालाची आवक-जावक बघायला. पण पुण्याहून एक प्रशिक्षक अधूनमधून यायचे, गिऱ्हाइकाची उंची, हात, उभं राहणं बघून त्याला काठी बेतून द्यायचे. शिंपी अंगाला कापड बेततो ना, तसं. मी त्यांच्या मागं मागं फिरून ते काम उचललं. पुढं ते यायचे थांबले आणि काम माझंच झालं. त्यातही माझा हात बसला तो पटरवर.

पटर म्हणजे काय, ते सांगते. गोल्फमध्ये लांब फटका मारायच्या काठ्या वेगळ्या असतात. त्या हातात घेऊन माणूस फोटो काढतो. पण चेंडू एकदा बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर आला, की तो घरंगळत नेऊन भोकात घालायचा असतो. त्या कामाची काठी ती पटर. सगळ्यात जास्त वेळा हातात येते आणि सगळ्यात कमी विचार करून घेतली जाते. लोक लांब फटक्याच्या काठीसाठी चार दुकानं हिंडतात आणि पटर घेताना म्हणतात, "बाई, एखादा बरा दिसणारा द्या." एकानं वास्तूला चालेल असा पिवळा मागितला होता. एकानं बायकोच्या साडीला जुळणारा. दिला. दुकान होतं, देऊळ नव्हतं.

माझी पद्धत साधी होती. आधी माणसाला नुसतं उभं करायचं, हात मोकळे सोडायला लावायचे. जिथं तळवे सहज एकत्र येतात तिथं मूठ आली पाहिजे, काठीची लांबी तेवढीच. मग दोन डोळ्यांच्या मधून एक चेंडू खाली सोडायचा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा अगदी जवळ पडला तर नजर बरोबर. मग पटर आडवा धरून बोटावर तोलायचा. काहींचं तोंड आढ्याकडं बघत राहतं, काहींचं टोक खाली लोंबतं. ज्याचा हात सरळ मागं-पुढं जातो त्याला पहिला, ज्याचा हात दारासारखा कमानीत उघड-मीट करतो त्याला दुसरा. पटरच्या ज्या सपाट बाजूनं चेंडू लागतो तिला मी 'तोंड' म्हणायचे. "पटरचं तोंड कुठं बघतंय बघा," हे माझं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. या शब्दानं पुढं जे काही केलं, तीच खरी आजची गोष्ट.

त्याआधी इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याबद्दल सांगायला हवं. ते पटर कानानं निवडायचे. एकेक पटर घेऊन चेंडू हलकाच टोलवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मला आधी वाटलं, नाटकं. म्हणाले, "मॅडम, माझं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं. आवाज बदलला की धागा तुटणार हे मला तुटायच्या आधी कळतंय. ह्यो बघा, मधे लागला की गोल आवाज. कडंला लागला की फाटका." मी कान देऊन ऐकलं. खरंच फाटका होता. त्या दिवसापासून मी ग्रीनकडं पाठ करून बसले तरी कोण कुठं चेंडू लावतंय हे ओळखू लागले.

आणि सगळ्यात फाटका आवाज होता बापूंचा.

बापू म्हणजे शिरोलीकडच्या एका फौंड्रीचे मालक. बुटके, रुंद, आवाज असा की दुसऱ्या ग्रीनवरचा माणूस दचकावा. हातातला पटर त्यांनी स्वतः बनवला होता. फौंड्री नवी असताना पहिलं ओतकाम मनासारखं उतरलं, त्याच लोखंडातून त्यांनी पटरचं डोकं ओतून घेतलं, मशीनवर घासलं आणि एका लष्करी साहेबाच्या जुन्या पटरची दांडी काढून त्याला बसवली. आमच्या कपाटातले परदेशी पटर बघून म्हणायचे, "ह्या सगळ्या खेळण्या. ह्यो बघ. कोल्हापूरचं लोखंड हाय."

पटर देखणा होता, खोटं बोलणार नाही. पण तो लष्करी साहेब उंच होता आणि बापू नव्हते. त्या लांब दांडीपायी बापूंची कोपरं दुमडून बरगडीला चिकटायची. फटका मारताना हात आत ओढले जायचे आणि चेंडू पटरच्या मधे न लागता टोकाकडं लागायचा. टोकाला लागला की डोकं हातात वळतं. चेंडू तिरका जातो आणि पोचतही नाही. पोचत नाही म्हणून माणूस पुढच्या वेळी जोरात हाणतो. मग झटका बसतो आणि उरलंसुरलंही बिघडतं. तरुणपणी मनगटाच्या जोरावर हे सगळं झाकलं जायचं. वय झालं तसं उघडं पडलं.

मी हे बापूंना सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा. "बापू, दांडी तुमच्या मापाची नाही. जरा खाली धरून तरी बघा."

"शेंडा सोडून मधी कोण धरतंय? झाडू हाय काय?"

"मग थोडी कापू या."

यावर त्यांनी माझ्या पुठ्ठ्याच्या पाटीकडं बघितलं. "पोरी, काठ्या विकायला बीएस्सी कशाला लागती गं? ह्यो पटर मी वतला तवा तू शाळेत असशील. तू मला माझ्याच लोखंडाचं शिकवतीस?"

"लोखंडाबद्दल मी काही बोललेच नाही. मी उंचीबद्दल बोलतेय."

उंचीचा विषय काढायला नको होता. पुढं किती तरी दिवस ते दुकानासमोरून मान वळवून जायचे.

बापूंचा खेळ चौघांत चालायचा. त्यातले मुबारकभाई ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचे आणि उरलेला वेळ बापूंना टोमणे मारण्यात घालवायचे. बापू पटर घेऊन चेंडूपाशी उभे राहिले की मुबारकभाई मागून ओरडायचे, "हाण बाप्या!" कुस्तीच्या मैदानात ओरडतात तसं. बापू हाणायचे. चेंडू भोकाच्या उजव्या अंगानं निघून जायचा. हाताच्या अंतरावरचे चेंडूसुद्धा हुकायला लागले तेव्हा मात्र हसणं कमी झालं. बापू ग्रीनवर आले की हात थरथरायला लागायचे. नवरात्र बसलं त्या आठवड्यात त्यांनी जाहीर करून टाकलं, "दसऱ्याला शेवटचा खेळ. सोनं वाटायचं आणि काठ्यांचा सेट पण देऊन टाकायचा. मुबारक, तूच घे."

"मला नको तुझं भंगार," मुबारकभाई म्हणाले. "माझ्या दुकानात काय कमी हाय?"

दुसऱ्या दिवशी मात्र हेच मुबारकभाई एकटे माझ्या दुकानात आले. टोपी काढून हातात धरलेली. "मॅडम, कायतरी करा. वहिनी गेल्या. फौंड्री पोरगं बघतंय, तिथं ह्याला कोण विचारत न्हाय. सकाळचं हे एवढंच हाय त्याचं. ह्यो घरात बसला तर बसूनच जाईल."

"ते माझं ऐकत नाहीत, भाई."

"ऐकत न्हाय ते मला म्हाईत हाय. चाळीस वर्षं माझं तरी कुठं ऐकलंय? तरी बघा. ह्यो गेला तर मी शिव्या कुणाला घालू?"

मी हो म्हटलं खरं. पण स्वतःच्या हातानं केलेली वस्तू आपल्यालाच नडते आहे, हे त्या माणसाच्या गळी कसं उतरवायचं, ते मला सुचेना. फिजिक्सच्या पुस्तकात ते नव्हतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं झाडून सगळ्या हत्यारांची पूजा. क्लबातही गवत कापायच्या मशीनला हार, दुकानातल्या करवतीला हळदकुंकू, सगळं रीतसर. दुपारी बापू आले ते सरळ फौंड्रीतली पूजा आटपून. कपाळाला टिळा, खांद्यावर पटर. सरावाच्या ग्रीनवर मी होतेच. पटर बघितला आणि मला हसू आवरेना. अख्ख्या तोंडाला ओलं कुंकू फासलेलं.

"बापू, हे काय?"

"काय म्हंजे? पूजा केलीया. फौंड्रीतली पहिली वस्तू हाय, मान तिचाच पहिला."

"अहो, पण कुंकू दांडीला नाही तर पिशवीला लावतात. तोंडाला कशाला?"

"तूच म्हंतीस की पटरचं तोंड, पटरचं तोंड! मग कुंकू काय पाठीला लावू? देवाला कुठं लावत्यात?"

एवढं बोलून बापूंनी चेंडू टाकून टोलवायला सुरुवात केली. एक गेला, दुसरा गेला, पाच-सहा गेले. सगळे उजवीकडं.

"बापू, पटर जरा उलटा करा," मी म्हटलं. "तोंड बघू द्या."

त्यांनी पटर उचलून डोळ्यांपुढं धरला. मधलं कुंकू जसंच्या तसं होतं, ओलं, चमकणारं. आणि टोकाकडं, एकाशेजारी एक, चेंडूंनी उचललेले गोल गोल डाग. तेवढंच लोखंड उघडं पडलेलं. मधे एकही चेंडू लागला नव्हता.

फौंड्रीवाल्याला डाग वाचायला शिकवावं लागत नाही. दोन सपाट तोंडं एकमेकांवर नीट बसतात की नाही हे बघायला त्यांच्याकडं एकाला रंग लावतात, दुसरं त्यावर टेकवतात आणि रंग कुठं उमटला ते बघतात. बापूंनी आयुष्यभर तेच केलं होतं. माझ्या जिभेवर त्यांचा विश्वास नव्हता. रंगावर होता.

बराच वेळ ते त्या डागांवरून अंगठा फिरवत राहिले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बसत न्हाय की."

"डोकं बसतंय, बापू. लोखंडात काही खोट नाही. दांडी दुसऱ्याची आहे." मी कुंकू परत सारखं केलं. "आता फक्त मूठ खाली घ्या. झाडू तर झाडू."

त्यांनी या वेळी वाद घातला नाही. मूठ खाली घेतली. कोपरं सुटली, खांदे उतरले. चेंडू टोलवला. आवाज गोल आला. बापूंनी चेंडू कुठं गेला ते बघितलंच नाही, पटर उलटा करून तोंड बघितलं. डाग मधोमध.

"काप," ते म्हणाले.

दुकानात नेऊन मी वरची रबरी मूठ उतरवली, माप घेतलं, खूण केली. बापू माझ्या खांद्याशी उभे. करवत लावली तशी त्यांनी मान फिरवली, आणि परत वळून बघितलं. तुकडा खाली पडला. नवी मूठ चढवली. दांडी आखूड झाली की डोकंही हातात हलकं वाटतं, ते जड लोखंड बापूंच्या वयाला जरा जास्तच होत होतं. बापूंनी पटर हातात घेऊन दोनदा झुलवला आणि म्हणाले, "ह्यो माझाच हाय नव्हं?"

पण काठी बेतून अर्धंच काम होतं. उरलं होतं ते हाणणं. माप बरोबर झालं तरी चेंडूपाशी आले की बापूंच्या मनगटात तो जुना झटका यायचाच. इतक्या वर्षांची सवय, आणि डोक्यात मुबारकभाईंचा आवाज. "हळू मारा" म्हटलं तर मधेच थांबायचे. "लोटा" म्हटलं तर ढकलून द्यायचे. मी एरवी सगळ्यांना पंगतीतल्या वाढप्याचा दाखला द्यायचे, की रश्श्याची बादली त्याच्या चालीनं झुलते, तो तिला झुलवत नाही. बापू म्हणाले, "मी कधी वाढलेलं न्हाय. मी जेवलोय."

मग मला त्यांचंच काम आठवलं. "बापू, साच्यात लोखंड ओतताना झटका देता का?"

"झटका? झटका दिला तर हवा शिरती. माल फुकट."

"आणि मधेच थांबलात तर?"

"मधी थांबून कसं चालंल? जोड ऱ्हातो. एकदा धार सुरू झाली की साचा भरंपर्यंत तीच धार." बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात पुढं आले होते आणि खांद्यापासून सावकाश कलले होते. मनगटं हलली नव्हती.

"मग चेंडू हाणू नका," मी म्हटलं. "ओता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हातांकडं बघितलं. चेंडूपाशी गेले. ओतला. संध्याकाळपर्यंत ओतत राहिले.

दसऱ्याला सकाळी चौघं उतरले. निघण्यापूर्वी मी पटरचं तोंड स्वच्छ पुसून दिलं. खेळात तोंडाला काही लावलेलं नियमात बसत नाही, कुंकू असलं तरी. मुबारकभाईंना बाजूला घेऊन मी फक्त एकच गोष्ट सांगितली, ओरडायचं झालं तर काय ओरडायचं ती.

पहिल्याच ग्रीनवर बापू चुकले. दुकानाच्या पायरीवरून मला त्यांची मान खाली गेलेली दिसली. पुढचं मला दिसत नव्हतं, तिकडं झाडी आहे. मी आत येऊन उगीच कपाट आवरत बसले. सरळच असलेले पटर परत सरळ केले. आपण कापायला नको होतं का, असंही एकदा मनात आलं. त्या माणसानं पहिल्या लोखंडाला हात लावू दिला होता.

शेवटचं ग्रीन दुकानासमोर आहे. चौघं तिथं आले तेव्हा मी पायरीवर होते. बापूंचा चेंडू भोकापासून फार तर काठीभर अंतरावर. हेच अंतर त्यांना वर्षभर छळत होतं. याच अंतरानं त्यांच्या तोंडाला रोज पानं पुसली होती. बापू उभे राहिले. ते मागं सरले, परत उभे राहिले.

मग मुबारकभाई, ज्यांचा आवाज मी आयुष्यात कधी हळू ऐकला नव्हता, ते अगदी हळू म्हणाले, "वत, बाप्या."

मी डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू? पण आवाज ऐकला. गोल. आणि त्यामागून भोकात चेंडू पडल्याचा खुळखुळाट, आणि त्यामागून मुबारकभाईंची एक अस्सल शिवी, जी दिवाळी अंकात छापता येत नाही.

दुपारी बापू आपट्याची पानं घेऊन दुकानात आले. पानं माझ्या हातावर ठेवली. मी पाया पडले. विचारलं, "मग सेट कुणाला दिला?"

"मुबारक घेत न्हाय म्हंतोय," ते म्हणाले. "मग काय करणार? मलाच ठेवावा लागला."

जाताना टेबलावर पडलेला दांडीचा कापलेला तुकडा त्यांनी उचलला आणि खिशात घातला.

त्यानंतर बापू बरीच वर्षं खेळले. क्लबात शब्दही बदलला. हरलेला माणूस म्हणतो, "आज हाणलं," आणि जिंकलेला म्हणतो, "वतलं." नवीन सभासदाला ते कळायचं नाही, त्याला माझ्याकडं पाठवायचे. आणि मी डबीतलं कुंकू पाण्यात कालवून त्याच्या पटरच्या तोंडाला फासायचे. बाहेरचे लोक यासाठी कसल्या पावडरी आणि चिकट कागद वापरतात. असतील चांगले. मला माझं कुंकू पुरलं. एक खंत आहे. इतक्या लोकांना मी पटर दिले, पण पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत अख्खा खेळ मी कधी खेळले नाही. सरावाच्या ग्रीनच्या पुढं गेलेच नाही. पण त्या ग्रीनवर मला हरवून दाखवणारा अजून क्लबात यायचा आहे, एवढं लिहायला हरकत नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी बापू काठी टेकत आले. ही चालायची काठी, आणि माप बरोबर होतं, मी बघितलं. मागून मुबारकभाई, दोन्ही हातांत काहीतरी जड, कापडात गुंडाळलेलं. "उचला मॅडम, माझी कंबर गेली. ह्यो म्हातारा भेट बी लोखंडाचीच देणार."

कापड सोडलं. ओतीव लोखंडाची पाटी. त्यावर उठावाच्या अक्षरांत: सुमन चौगुले, बी.एस्सी. (फिजिक्स).

"पुठ्ठ्याची बरी दिसत नव्हती," बापू म्हणाले. "आणि तो कापलेला तुकडा ह्याच्यातच वितळवलाय. हिशेब पुरा."

नावाखाली आणखी एक ओळ होती. ती बापूंनी सांगितली की मुबारकभाईंनी, यावर ते दोघं अजून भांडतात.

पाटी आता कसबा बावड्यातल्या माझ्या घराच्या दाराशेजारी आहे. भिंतीत जाड खिळे ठोकून बसवावी लागली. गल्लीतल्या ज्या बायका खजूर मागायच्या, त्यांच्या सुना आता पाटी वाचतात आणि विचारतात, "काकू, बीएस्सी व्हय तुम्ही?" मी म्हणते, "व्हय तर." आणि नवीन कुरिअरवाला आला की पायरीवर थबकतो, नाव वाचतो, खालची ओळ वाचतो, एकदा मागं बघतो आणि मग दारावर अगदी हलक्या हातानं टकटक करतो.

कारण नावाखाली लिहिलंय: इथं हाणू नये.